आपल्या तालुक्यातल्या अपघाती मृत्यूंची मोजणी कशी करायची

मी आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामावर होतो. घरोघर फिरायचं, ताप असलेल्याचं बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, रजिस्टर भरायचं, आणि महिन्याच्या मीटिंगला साहेब तीनच गोष्टी विचारायचे, कोणाला झाला, कुठं झाला, कधी झाला. साथरोगाचं सगळं शास्त्र ह्या तीन प्रश्नांवर उभं आहे, व्यक्ती, स्थळ, काळ. डास कुठं पैदा होतो ते ह्यातूनच सापडायचं. रिटायर झाल्यावर मी हेच तीन प्रश्न आमच्या हायवेवरच्या मृत्यूंना लावले, आणि ते कसं करायचं ते आज सविस्तर लिहितोय, कारण धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत गावागावात कोणीतरी हे करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी हे का सुरू केलं ते सांगतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा, वय २४, दिवाळीनंतरचे कापसाचे दिवस, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला शेतातून मोटारसायकलवर घरी येत होता. रस्त्यात कापसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला दगड लावून ट्रॅक्टर सोडून माणूस चाक घेऊन गेलेला. समोरून ट्रकचा अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा लाइट, डोळ्यावर आला आणि पोरगा मागून ट्रॉलीत गेला. आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून धुळ्याला, तिथून मोठ्या शहरात, आणि एकोणिसाव्या दिवशी गेला. पेपरात आलं होतं, "भरधाव दुचाकीची ट्रॉलीला धडक, तरुण गंभीर". पुढे तो गेला हे काही छापून आलं नाही. आणि मी जेव्हा वर्षभराची यादी पाहिली तेव्हा तो जखमींमध्ये होता. मृत्यूचे कागद दुसऱ्या शहराच्या पोलीस ठाण्यातून झिरो नंबरने (म्हणजे तिथे नोंद होऊन आपल्या ठाण्याकडे) यायचे होते, त्यानंतर आधीच्या गुन्ह्यात मृत्यूचं कलम वाढायचं होतं, ते कागद महिनोन् महिने कुठेतरी पडून राहिले. घरात फोटोला हार लागला आणि सरकारी यादीत पोरगा जिवंत.

म्हणून पहिलं काम, मृत्यू कशाला म्हणायचं ते ठरवून घ्या. देशात आणि जगात मान्य असलेली व्याख्या अशी की अपघातापासून ३० दिवसांच्या आत त्या दुखापतीमुळे गेला तर तो रस्ता अपघाती मृत्यू. जागेवर गेला तोच मोजायचा असं नाही. आपल्याकडे यादी कमी भरते त्याचं एक मोठं कारण हे मधले दिवस आहेत. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यात २०२१ साली देशात १,५३,९७२ मृत्यू आहेत, त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज साधारण २ लाख १६ हजारांचा आहे. ह्या फरकामागे जी माणसं आहेत त्यातला एक आमच्या घरातला असं मला नेहमी वाटतं.

दुसरं, कोणाला आपलं मोजायचं. तालुक्याच्या हद्दीत जो मेला तो, की तालुक्यातला रहिवासी जो कुठेही मेला तो? दोन्ही बरोबर आहेत पण दोन्ही एकत्र कालवू नका. रस्ता सुधारायचा असेल तर हद्दीत झालेले मोजा, मग मरणारा ओडिशाचा ड्रायव्हर असला तरी. आणि गावातली किती घरं उघडी पडली ते बघायचं असेल तर रहिवासी मोजा. आपल्याकडे हा फरक फार मोठा पडतो कारण सुरत-नागपूर हायवे, आताचा ५३ नंबर, नवापूरपासून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा आख्ख्या खानदेशातून आडवा जातो, आणि धुळ्याला त्याला इंदूर-सोलापूरचा ५२ आणि नाशिक-पुण्याचा ६० येऊन मिळतात. अर्ध्या देशाचा माल आपल्या दारावरून जातो. त्यामुळे धुळे जिल्ह्याचे मृत्यू भागिले धुळ्याची लोकसंख्या असं केलं की आकडा फुगतो, तिथली माणसं वाईट गाडी चालवतात असा त्याचा अर्थ होत नाही.

आता यादी कुठून आणायची. एका जागेवर पूर्ण यादी कधीच नसते हे आधीच मनात धरा.

पोलिसांकडून सुरुवात करा. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर प्रकाशित एफआयआर बघता येतात, ठाणं आणि तारीख टाकली की यादी येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला, त्याआधीचे अपघाती मृत्यू भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) ३०४ अ मध्ये सापडतील आणि नंतरचे भारतीय न्याय संहितेच्या १०६ (१) मध्ये. पाच वर्षांचं काढत असाल तर दोन्ही शोधा, नाहीतर २०२४ च्या मध्यापासून मृत्यू एकदम घटले असं दिसेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. शिवाय २७९ (नवीन २८१) म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं, तेही चाळा, कारण जखमी म्हणून नोंदलेले आणि नंतर गेलेले तिथेच असतात. आणि सगळ्यात जास्त सुटतात ते स्वतःच घसरून पडलेले, झाडावर किंवा पुलाच्या कठड्यावर आदळलेले. समोर आरोपी नाही म्हणून बऱ्याचदा फक्त अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४, आणि एफआयआर नसल्यामुळे ते त्या यादीत सापडत नाहीत. त्यासाठी ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंदवहीच लागते.

ती मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, आपल्या राज्याच्या नियमात तसं आहे. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. नावं मागू नका, नावं मागितली की खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला कारण मिळतं आणि आपल्याला नावांची गरजही नाही. तारीख, वेळ, ठिकाण, मृताचं वय, स्त्री की पुरुष, कशावर होता, कशाला धडकला, एवढंच मागा. अर्जाआधी ठाणे अंमलदाराला जाऊन भेटा, चहा प्या, कशासाठी करतोय ते सरळ सांगा. पंचनाम्याला रात्रीबेरात्री हायवेवर उभे राहणारे हेच लोक असतात, मृतदेह उचलणारेही हेच, त्यांना ह्या जागा तोंडपाठ असतात.

मग दवाखाना. सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालयात एमएलसी रजिस्टर (पोलीस केस असलेल्या रुग्णांचं) असतं आणि पीएमची, म्हणजे शवविच्छेदनाची, वेगळी नोंद असते. तिथे तुम्हाला थेट रजिस्टर हातात देणार नाहीत आणि देऊही नये, पण महिन्याला रस्ता अपघाताचे किती पीएम झाले, कोणत्या वयाचे, एवढी गोषवारा माहिती लेखी मागितली तर मिळते. तिसरं म्हणजे पेपरची कात्रणं आणि गावचे व्हॉट्सॲप ग्रुप. चौथं, पोलीस पाटील, सरपंच, आशाताई. आशाताईला गावातलं प्रत्येक मरण माहीत असतं, हे मी नोकरीतल्या अनुभवाने सांगतो.

दोन याद्या झाल्या की एक फार उपयोगी हिशोब करता येतो. समजा पोलिसांच्या यादीत २० मृत्यू आहेत, दवाखान्याच्या यादीत १५, आणि तारीख-वय-ठिकाण जुळवून बघितलं तर १२ दोन्हीकडे आहेत. मग २० गुणिले १५ भागिले १२, म्हणजे २५. तुमच्या हातात एकूण २३ मृत्यू आहेत (२० अधिक १५ वजा १२), म्हणजे साधारण दोनजण असे आहेत जे कोणत्याच यादीत नाहीत. तळ्यातले मासे मोजायला हीच पद्धत वापरतात, थोडे पकडून खूण करून सोडायचे आणि पुन्हा जाळं टाकायचं. अंदाजच आहे तो, दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून असतील (पोलिसांनीच दवाखान्यात नेलेले वगैरे) तर खरा आकडा ह्याहून जास्त निघतो, पण किती सुटले असतील ह्याची जाणीव राहते.

आता रजिस्टर. साधी दोनशे पानी वही आखा. तारीख, वार, वेळ, किलोमीटर दगड किंवा मोबाइलवरचं लोकेशन, वय, स्त्री-पुरुष, मृत कशावर होता, कशाने मारलं, हेल्मेट किंवा बेल्ट, कुठल्या दवाखान्यात किती वेळात पोचला, किती दिवसांनी गेला, रस्त्याची अवस्था. ह्यातले "मृत कशावर होता" आणि "कशाने मारलं" हे दोन कॉलम वेगवेगळेच पाहिजेत. बातमीत आणि कधीकधी सरकारी तक्त्यातही हे दोन मिसळतात आणि पायी जाणारा माणूस हरवतो. मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात १,६८,४९१ मृत्यूंपैकी ४४.५ टक्के दुचाकीवाले आणि १९.५ टक्के पायी जाणारे दाखवलेत. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांचं, त्यात दिवंगत दिनेश मोहन सर आले, वर्षानुवर्षं म्हणणं हेच होतं की पायी मरणाऱ्यांचा खरा वाटा सरकारी तक्त्यात दिसतो त्याहून मोठा आहे. त्यांनी ठाण्यात बसून मूळ एफआयआर वाचले म्हणून त्यांना ते सापडलं. आपणही तेच करायचं, तक्ता नाही, मूळ कागद वाचायचा.

खानदेशात "कशावर होता" ह्या कॉलमला अजून एक घर लागतं, ते म्हणजे मालावर बसलेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि १५ मजूर गेले, रावेर भागातले, बायका-पोरं सगळे, दिवसभर माल भरून त्याच मालावर बसून घरी निघालेले. ह्याला कागदावर ट्रकचा अपघात म्हणतात. आपल्या वहीत ते "मजूर, मालावर बसून" असंच लिहा, कारण उपाय तिथेच आहे, मजुरांसाठी वेगळी गाडी लावणं हा तो उपाय, आणि ट्रक अपघात म्हणून लिहिलं की तो कोणाला सुचतच नाही.

काळाचा कॉलम भरला की तुम्हाला स्वतःलाच धक्का बसेल. देशाच्या आकड्यात सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ ह्या वेळात होतात, आपल्याकडे त्यावर हंगाम चढतो. कापसाच्या ट्रॉल्या दिवाळीपासून, ऊस हिवाळ्यात, केळीचे ट्रक तर बारा महिने, लग्नसराईत एप्रिल-मे मध्ये रात्री उशिरा एका गाडीवर तिघं, डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा, आणि चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणारे भाविक. ऊन टाळायला रात्रीचं चालतात, हायवेच्या कडेने, अंगात गडद कपडे. महिन्यानुसार वेगळं पान करा, मग कोणत्या महिन्यात काय करायचं ते दिसेल. पायी जाणाऱ्यांच्या पाठीवर रिफ्लेक्टर पट्टी लावायचं काम चैत्राच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर करून काय उपयोग.

स्थळ. ब्लॅक स्पॉट म्हणजे कोणाच्याही मनाने ठरवलेली जागा नाही. केंद्राची व्याख्या अशी, राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा जिथे लागोपाठ तीन वर्षांत मिळून ५ गंभीर किंवा प्राणघातक अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले. तुमच्या नकाशावर असे तुकडे मोजा. आणि फक्त वळणं-घाट बघू नका. देशातले साधारण दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात. शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ४ जुलै २०२३ ला ब्रेक फेल झालेला कंटेनर गाड्या उडवत हॉटेलात घुसला ते सगळ्यांना आठवतं, तसा घाट उतारावर धोका आहेच, पण सरळ चौपदरी रस्त्यावर रोज एकेक करून जाणारे कोणाला आठवत नाहीत. ५३ नंबरचा फागणे ते तरसोद हा पट्टा चौपदरी झाला, डिव्हायडर आला, आणि शेत एका बाजूला अन् गाव दुसऱ्या बाजूला अशी कितीतरी गावं झाली. कट, म्हणजे डिव्हायडरमधली पलीकडे जायची मोकळी जागा, दीड-दोन किलोमीटर लांब असला की दुधाची कॅन लावलेला माणूस राँग साइडनेच येणार, रोज येणार. तुमच्या वहीत राँग साइडचे मृत्यू कटच्या अंतरासोबत लिहून बघा, मग दोष फक्त माणसाचा वाटतो का ते तुम्हीच ठरवा. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्याच्या २ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि २०२२ मध्ये ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले.

आता दर काढणं. नुसता आकडा बोलत नाही, त्याला खाली भाजक लागतो. तालुक्याची लोकसंख्या सव्वा दोन लाख आणि हद्दीत वर्षाला ४५ मृत्यू असतील तर लाखामागे २०. देशाचा नोंदलेला दर लाखाला साधारण १२ च्या आसपास बसतो, त्याच्याशी ताडून बघा. हायवेच्या तुकड्यासाठी लोकसंख्या घेऊ नका, दर किलोमीटरमागे वर्षाला किती असं काढा. तिसरा आकडा, शंभर अपघातांमागे किती मेले. २०२२ ला देशात ४,६१,३१२ अपघात होते, म्हणजे शंभराला ३६.५. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू, म्हणजे शंभराला ४५ च्या वर. ह्याचा अर्थ लावताना थांबा जरा. एक तर आपले अपघात जास्त जीवघेणे आहेत, नाहीतर छोटे अपघात नोंदलेच जात नाहीत, बहुतेक दोन्ही. म्हणून ह्या एका आकड्यावरून कोणाला नावं ठेवू नका.

आणि छोट्या आकड्यांना फसू नका, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. एका चौफुलीवर गेल्या वर्षी ९ गेले आणि ह्या वर्षी ५, तर लोक म्हणतात सुधारलं. ९ चं वर्गमूळ ३, त्याची दुप्पट ६, म्हणजे काहीही न बदलता ३ ते १५ पर्यंत आकडा आपोआप हलू शकतो. तीन नाहीतर पाच वर्षं एकत्र केल्याशिवाय बोलायचं नाही. आमच्या भागात एका जागेबद्दल म्हातारी माणसं म्हणायची, "ती जागाच खराब शे", तिथं शांती केली आणि पुढच्या वर्षी खरंच कमी झाले. श्रद्धेला माझं काही म्हणणं नाही, ज्यांची माणसं गेली त्यांना आधार लागतो. पण आपण शांती करतो तीच मुळात सगळ्यात वाईट वर्षानंतर, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा जरा बरंच असतं. गतिरोधकाचंही तसंच, पांढऱ्या पट्ट्यांचंही तसंच.

कारणाचा कॉलम मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. सरकारी अहवालात ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. वेग मारतोच, सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्के वाढतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण फॉर्मवर एकच कारण लिहायची जागा असली की बाकीची कारणं पुसली जातात. अमेरिकेतल्या विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने ह्यासाठी एक सोपी चौकट दिली, अपघाताच्या आधी, अपघात होताना, अपघातानंतर, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस, गाडी, रस्ता वेगळे बघायचे. मी ती आमच्या पोरावर लावून बघितली, वहीत रडत रडतच लिहिलं ते.

आधी. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर टेप नव्हती, शंभर-दोनशे रुपयांत काम झालं असतं. रस्त्याला उभं राहायला साइडपट्टी नव्हती, होती ती मुरूम वाहून गेल्यामुळे वीतभर खाली. होताना. त्याचा वेग पंचावन्न-साठ असेल. साठच्या स्पीडने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद म्हणजे २५ मीटर, पुढे थांबायला अजून २३-२४, एकूण ४८ च्या घरात. चाळीसच्या स्पीडला हेच सगळं २७ मीटरमध्ये होतं. आणि डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लाइटवर, धुळीने माखलेली ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. हेल्मेट घरी खुंटीला होतं. हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, आणि त्याला जे लागलं ते डोक्यालाच. नंतर. रस्त्यावर जमलेल्यांनी पोलीस केसच्या भीतीने वीस मिनिटं हात लावला नाही. खरं तर सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. मग १०८, मग तीन दवाखाने. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, तेव्हा ती नव्हती आणि आम्ही पहिल्याच रात्री पैशासाठी फोन करत बसलो होतो.

एका मृत्यूत एवढी सहा-सात ठिकाणं निघाली जिथे तो वाचू शकला असता. "भरधाव" ह्या एका शब्दात त्यातलं एकच मावतं.

घरच्यांशी बोलायचं असेल तर तेरावं होऊन जाऊ द्या, आणि गावातल्या कोणाला सोबत घेऊन जा. वही लगेच काढू नका. चूक कोणाची हे विचारू नका, त्या दिवशी तो कुठून निघाला होता इथून सुरुवात करा, आई स्वतःच सगळं सांगते. बाहेर कुठेही नाव, फोटो द्यायचा नाही, हे आधी सांगून ठेवा आणि पाळा.

पाच वर्षांचं झालं की दोन पानं करा, त्याहून जास्त नको. एक पान नकाशा, एका पानावर तीन तुकडे आणि प्रत्येकाला नेमकी मागणी, म्हणजे अमुक किलोमीटरला कट, तमुक ठिकाणी पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी रस्ता, साइडपट्टी भरणे, हंगामाआधी जिनिंगच्या आणि साखर कारखान्याच्या गेटवरच ट्रॉलीला टेप लावल्याशिवाय माल न घेणे. हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लेखी द्या, पोहोच घ्या, आणि एक प्रत आरटीओला, एक महामार्गवाल्यांना. पोलिसांकडे आता ई-डार ह्या अपघातांच्या ऑनलाइन नोंदीमध्ये अपघाताचं लोकेशन चढतं, तुमचे तुकडे त्याच्याशी जुळवून बघा अशी विनंती त्याच पत्रात करा.

काम झालं की मोजणी बंद करायची नाही, खरी मोजणी तिथून सुरू होते. कामाआधीची तीन वर्षं, नंतरची तीन वर्षं, आणि शेजारचा तेवढाच तुकडा जिथे काहीच केलं नाही तोही सोबत मोजायचा, म्हणजे सगळीकडेच घटलंय की फक्त आपल्याकडे ते कळतं. आमच्या फाट्यावर साइडपट्टी भरून आणि दिवे लागून ह्या दिवाळीला दोन वर्षं होतील. संध्याकाळी तिथून जाताना ट्रॉल्यांच्या मागची लाल पट्टी लांबून चमकताना दिसते. अजून एक वर्ष बाकी आहे, त्या तुकड्याचं पान मी उघडंच ठेवलंय.